हरकत की सूचना

चापडगावच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात,
मुळाक्षरांच्या तक्त्यावरच खिळा ठोकून
आम्ही नकाशा टांगला.
नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, गोदा, कादवा,
आणि फुगवट्याच्या पाण्यावर
हिरव्या स्केचपेनने ओढलेली रेघ.
रेघेच्या आत यापुढे जाळं नाही, गळ नाही.
माशांनी निवांत अंडी घालावीत.

माझं काम लिहून घेण्याचं.
रजिस्टरात रकाने दोन : हरकत. सूचना.
पुढे सही किंवा अंगठा.

द्राक्षवाले बोलले, मोटारींना हात लावू नका. हरकत.
नाशिकहून दुर्बिणी घेऊन आलेले दोघे बोलले,
मराठी शोधत शोधत, पक्ष्यांच्या वतीने. सूचना.
सरपंच बोलले ते कुठल्याच रकान्यात बसेना,
पण चहा आला.

हौसाबाई लोणारे उभ्या राहिल्या नाहीत.
लहान मुलांच्या बाकावर अवघडून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या,
"रेघ चुकली, सायेब.
तिथं पानी उथळ हाये, चकाकतं,
म्हनून तुम्हाला बरं वाटलं. तिथं पाखरं उतरत्यात.
मरळ तिथं कशाला घर करंल?"

मग सांगत गेल्या.
जोडीनं राहते मरळ, लव्हाळ्याच्या सावलीला.
आषाढात पिल्लांचा लाल घोळका पाण्यावर येतो,
कुंकू सांडल्यागत,
आणि आई त्याच्या खाली.
"तवा मारायला लई सोपी.
कायबी झालं तरी पिल्लं सोडून जात न्हाई ती."
थांबल्या.
"मीबी मारल्यात. मोजल्या न्हाईत."

"कुठं आहे ही जागा?" साहेबांनी विचारलं.

मागच्या दारातून सुदाम ओरडला, "आई!"
त्या एका हाकेत
दोन पोरांची फी होती, तराफ्याचं नवं थर्माकोल,
लासलगावच्या बाजारातला रविवार,
आणि मेलेल्या पुंजाबांचा शब्द,
ज्यांनी सख्ख्या भावालाही
जांभूळडोह कधी दाखवला नव्हता.

हौसाबाई उठल्या.
साहेबांनी पेन्सिल पुढे केली, ती घेतली नाही.
सकाळी मासे साफ केलेलं बोट
नकाशावर टेकवलं, रेघेच्या बाहेर, बरंच बाहेर,
मोटारींच्या वरच्या अंगाला.
"हे झाका. पन आमची माणसं राखनीला ठेवा.
आन मोटारीच्या तोंडाला जाळी लावा, पिल्लं वढली जात्यात.
फवारनीचे ड्रम इथं धुतले
तर मंग तुमची रेघ तुम्हीच खावा."

द्राक्षवाले एकदम खाली बघू लागले.
दुर्बिणीवाल्यांपैकी एकाने वही काढली.
सुदामने बाहेर मोटारसायकलला किक मारली,
दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सुरू होईना.

बोट उचललं तिथे तेलाचा डाग राहिला.
कागद तेवढाच पारदर्शक झाला
आणि खालच्या तक्त्यावरचा ळ दिसू लागला.
कुठल्याच शब्दाच्या सुरुवातीला न येणारा ळ.
जाळ्यातला, गाळातला,
मरळीच्या अगदी शेवटचा.

मी पेन धरून बसलो.
हरकत की सूचना?
दोन्ही रकान्यांवरून आडवं लिहीत गेलो,
अक्षर लहान केलं, समासातही शिरलो,
तरी "मोजल्या न्हाईत" लिहायचं राहिलं.
किंवा मी राहू दिलं.

आषाढात पुन्हा गेलो, पंचनाम्यासाठी.
जांभूळडोहाभोवती निळे कॅन दोरीला बांधून सोडले होते,
हीच आमची हद्द.
हौसाबाई काठावर होत्या, बोलल्या नाहीत माझ्याशी,
हाताने नुसतं "हळू" केलं.
पाण्यावर कुंकू हललं, विरलं, पुन्हा जमलं.

एक कॅन आदल्या रात्रीच्या पुरात निसटला होता म्हणे.
पहाटे कुणीतरी परत आणून बांधला.
कोणी, ते कुणालाच माहीत नाही.
मी वाकून पाहिलं :
गाठ जाळं विणणाऱ्याची होती.